शेवटच्या दिवशीची हरिणी

खाटीक ड्वेन पावलकने हरिणीच्या फाडलेल्या पोटात बॅटरी मारली आणि नकारार्थी मान हलवली.

"दलदलीतून ओढत आणलीस?"

"जवळची वाट तीच," आर्लिस म्हणाली.

"आत चिखल आहे. चर्चच्या दानात घेणार नाही. घरी खायची तर कापून देतो."

"इतकी वर्षं माझी अशीच हरणं कापलीस की!"

"ती तुझ्या पोटात गेली, बाई. हे लोकांच्या पोरांच्या ताटात जाणार. एकाला जरी उलट्या झाल्या, तर पुढच्या वर्षी इथे कुणी मांस देणार नाही, कुणी घेणार नाही."

तिला राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चर्चच्या अन्नवाटपाचं काम तिच्याकडे होतं. मंगळवारी सव्वीस कुटुंबं येणार होती आणि फ्रीझरमध्ये मक्याशिवाय काही नव्हतं. मागच्या वाटपाला म्हातारा ऑर्विल म्हणाला होता, "आर्लिस, तुझा डब्यातला घेवडा खाऊन आता मलाच कोंब फुटतील." सगळे हसले, आणि तिने पुढच्या वेळी खिमा देते असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. मादी मारायचा आणखी एक परवाना तिच्याकडे होता.

"ही माझ्या नावावर काप. किती वाजेपर्यंत आहेस?"

"सहा. वय आठवतंय ना? सदुसष्ट."

"तुझंही तेवढंच आहे."

सव्वाचारला टेकडीवरच्या ओकांखाली दोन माद्या आल्या. जवळच्या मादीच्या खांद्यासमोर फांदी होती. घाईत गोळी आतड्यात गेली, की सगळं मांस नासलं. आर्लिस थांबली. मादीने दोन पावलं टाकली तेव्हा तिने खांद्यामागे नेम धरला. जनावर जागीच पडलं.

आतडी काढून तिने पोट कोरड्या फडक्याने पुसलं, सुतळीने शिवलं आणि हरिणी प्लास्टिकच्या घसरगाडीवर बांधली. दलदल टाळायची तर दीड मैलाचा वळसा होता. ती दोनदा बर्फात पडली. दोन्ही वेळा आधी सुतळी तपासली, मग गुडघा.

सहाला दहा कमी असताना ड्वेनने सुतळी कापली, आत हात फिरवला, वास घेतला आणि हरिणी आकड्याला टांगली.

"चाळीस पौंड निघेल. गुरुवारी ने."

"वाटप मंगळवारी आहे."

"आधीची एकोणीस टांगलीत, आर्लिस. मला हात दोनच."

तिने शिकारीचा नारिंगी कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या वर सारल्या.

"आत्तापासून कापू लागते, उद्या सकाळी सातलाही येते. मला सुरी धारेची दे. मागच्या वेळची बोथट होती."