सपोर्ट रूममधली दुसरी खुर्ची

धम्मदिनाने शाळा सोडली हे पंढरी तरेला कळलं ते गुरुवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना.

फाटकाशी शाळेची बस हॉर्न वाजवत होती. रामदास कधी हॉर्न वाजवत नसे. तो गाडी लावून नुसता थांबायचा आणि उन्नती पायात बूट अडकवत धावत जायची. पंढरी तोंडाचा साबण न पुसता ओट्यावर आला. स्टिअरिंगवर दुसराच माणूस बसला होता.

"रामदास कुठाय?"

"वो काम छोड दिया, शेठ. कल शाम चाबी देके गया. आजसे मैं."

"कशाला सोडला?"

"उसकी लडकी पढाई में चल नहीं पायी बोलते. स्कूलवालों ने चिठ्ठी दिया, तो लडकी को उठा लिया. फिर खुद भी नहीं रुका."

उन्नती दप्तर घेऊन पंढरीच्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने बापाकडे बघितलं नाही. बसमध्ये चढली आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली.

पंढरीची मोठी बहीण काशी दारात आली. पंढरीची बायको गेल्यापासून घर तीच सांभाळत होती. ती म्हणाली, "बरा झाला. आता तरी पोर रविवारची घरात बसल."

पंढरी आरशासमोर परत गेला. त्याला बरं वाटायला हवं होतं. हे त्यानेच घडवून आणलं होतं. पण राहिलेली अर्धी दाढी करताना त्याला दोनदा कापलं.

पंढरीची बायको पुतळाबाई काविळीने अकरा दिवसांत गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तेव्हा उन्नती अकरा वर्षांची होती. काल्हेरच्या पट्ट्यात तरे कुटुंबाची जमीन होती. बरीचशी गोदामांना गेली आणि एक तुकडा नव्या इंटरनॅशनल स्कूलला. मात्र हायवेपासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता पंढरीने आपल्या नावावरच ठेवला होता. शाळेत त्याला मान होता. गेल्यावर खुर्ची मिळे, चहा येई.

आई गेल्यावर उन्नती वर्गात बोलेनाशी झाली. पुस्तक उघडून बसायची, पण तोंड उघडायची नाही. परीक्षेत कोरे कागद देऊ लागली. तेव्हा शाळेने तिला सपोर्ट रूममध्ये पाठवलं. ज्या मुलांचं अभ्यासात किंवा मनात काही अडलं आहे, त्यांना तिथे रोज एक तास वेगळं बसवत. कल्याणहून येणाऱ्या मृणाली मॅडम ती खोली बघायच्या.

तिथेच रामदासची धम्मदिना यायची. शाळेत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना तेव्हा फीशिवाय प्रवेश होता, म्हणून बस चालवणाऱ्याची मुलगी त्या शाळेत शिकत होती. पोर हुशार. हिशेब तोंडी करायची, एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर जागेवर राहत नसत. एक ओळ वाचायला तिला घाम फुटायचा.

मॅडमनी दोघींना एका टेबलाशी बसवलं. उन्नतीने वाचायचं, कारण तिला वाचता येत होतं. धम्मदिनाने ऐकून ते समजावून सांगायचं, कारण तिला बोलता येत होतं. पहिले पंधरा दिवस उन्नती नुसती ओठ हलवायची. धम्मदिना म्हणायची, "मोठ्यानं वाच ना गं, मला माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतंय." एक दिवस उन्नती हसली आणि मोठ्याने वाचू लागली. सहामाहीत दोघी पास झाल्या.

मग उन्नती रविवारी रामदासच्या घरी जाऊ लागली. घर गावाच्या टोकाला, बौद्धवाड्यात. सुरुवातीला तासभर, नंतर सबंध दिवस. एकदा पंढरी तिला आणायला गेला आणि वळणावरच थांबला. आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. रामदासची बायको द्रौपदी तिला काहीतरी चिडवत होती, आणि ही पोटभर हसत होती. आपल्या घरात पोर आई गेल्यापासून अशी हसली नव्हती. त्याने हाक मारली नाही. तसाच परत आला आणि काशीला म्हणाला, "घरात माणसा न्हाईत का तिला?"

पुढच्या एका रविवारी तो जेवायला बसला. ताटात जवळा होता, वांगं घालून केलेला. शेजारी तांदळाची भाकरी. पहिला घास घेतला आणि पंढरी थांबला. मग मान खाली घालून खात सुटला. दोन भाकऱ्या संपल्या.

"बाय, आज हात बसला गो तुझा," तो म्हणाला. "अगदी पुतळीसारखा."

"मी कुठं केला?" काशी म्हणाली. "तुझ्या पोरीने डबा आणलाय. बौद्धवाड्यातनं."

"द्रौपदी मावशीने दिला," उन्नती खुशीत म्हणाली. "आईनेच शिकवलेला तिला, पप्पा. लावणीला दोघी एका बांधावर असायच्या ना, तेव्हा."

पंढरीने ताट सरकवलं. उठून हात धुतला, चूळ भरली. म्हणाला, "परत त्या घरात खायचा न्हाय. आपल्यात चालत न्हाय."

"तेच तर मी कवापास्न सांगतेय," काशी म्हणाली.

त्या गावात हळदीचं आमंत्रण बौद्धवाड्याला रस्त्यावरून हाळी देऊन जायचं. पंगतीत पान नाही, कोरडा शिधा घरी पाठवायचा. आजोबांनी तसं केलं, बापाने केलं, पंढरीनेही केलं. त्यात कोणाला काही वाईट दिसत नसे. पण त्या दिवशी पंढरीच्या गळ्याशी जे आलं होतं ते विटाळाचं नव्हतं. विटाळ वाटला असता तर दोन भाकऱ्या उतरल्याच नसत्या. आपल्या बायकोच्या हाताची चव आपल्या चुलीवर राहिली नाही, दुसऱ्याच्या चुलीवर राहिली, हे त्याला सोसवत नव्हतं. पण मला हेवा वाटतो असं चारचौघांत कसं बोलायचं? आपल्यात चालत नाही म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. काशीने विचारलं नाही, गावानेही विचारलं नसतं.

दिवाळीनंतर शाळेत पालकसभा झाली. मृणाली मॅडमनी उन्नतीची फाईल त्याच्यापुढे ठेवली. प्रगती दाखवताना त्या अगदी आनंदात होत्या. फाईलमध्ये मुलांनी स्वतः भरायचा एक कागद होता. त्यावर छापलेलं होतं, अडचण आली तर मी कोणाशी बोलेन. खाली तीन रेघा. उन्नतीच्या गोल अक्षरात तीन नावं होती: धम्मदिना, द्रौपदी मावशी, रामदास काका.

पंढरीने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"यात माझा नाव कुठाय?"

"तीनच रेघा असतात हो त्यात," मॅडम हसून म्हणाल्या. "आणि वडील तर आहेतच, हे मुलं धरूनच चालतात. तुम्ही मनावर घेऊ नका. ती बोलायला लागली, हेच किती आहे."

पंढरीने ते मनावर घेतलं. तिथून उठला तो थेट प्रिन्सिपलच्या खोलीत गेला.

चहा आला. पंढरी म्हणाला, "सर, तुमच्या गाड्या कोणाच्या जमिनीतून आत येतात?"

"आपल्याच, पंढरीशेठ."

"मंग माझी पोर कोणाच्या मांडीला मांडी लावून बसते, ते मना विचारायला नको? गावात तोंड दाखवायचाय मला."

सरांनी चष्मा पुसला. मोठ्या शाळांना अशी वाक्यं बरोबर समजतात. "आपण याला दुसरं काही नाव देऊ," ते म्हणाले.

आठ दिवसांत नोटीस लागली. सपोर्ट रूमची सोय यापुढे फक्त फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. नोटिशीत जातीचा शब्द नव्हता. फी न भरणारं मूल त्या खोलीत एकच होतं. यादीतल्या त्या नावावर मृणाली मॅडमनी स्वतःच्या हाताने रेघ मारली.

पुढचे दोन महिने धम्मदिनाला वर्गात उभं राहून सगळ्यांसारखं वाचावं लागलं. ती अडखळली की मागची मुलं पुढचा शब्द ओरडून सांगायची. मग ती उभीच राहिनाशी झाली. जानेवारीच्या चाचणीत सगळ्या विषयांत नापास. मुलीसाठी दुसरी शाळा पाहावी, अशी चिठ्ठी घरी गेली. रामदासने ती चिठ्ठी खिशात घातली, बसची किल्ली परत दिली आणि पोरीचा हात धरून निघून गेला.

त्या गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला पंढरीला शाळेतून फोन आला. लगेच या म्हणाले. तो पोचला तेव्हा उन्नती सपोर्ट रूमच्या बाहेर फरशीवर बसलेली होती. प्रिन्सिपल आणि मृणाली मॅडम तिच्यासमोर उभे होते. उघड्या दारातून आतलं टेबल दिसत होतं आणि त्याच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मी आत बसणार नाही," उन्नती म्हणाली. "धम्मा येईल तेव्हा बसेन."

"असं हट्टीपणाने नाही वागायचं, बेटा," सर म्हणाले. "शाळेचे नियम असतात. आणि पप्पांनी हे तुझ्या भल्यासाठीच सांगितलं ना..."

सर बोलता बोलता थांबले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उन्नतीने वर बघितलं. "पप्पांनी? काय सांगितलं पप्पांनी?"

ती पंढरीकडे वळली.

"पप्पा, तू काढलंस तिला?"

"घरी चल. घरी बोलू."

"इथंच बोल."

"अगं, आपल्यात त्या लोकांशी..."

"जवळा खाल्लास तवा चालला ना?" उन्नती उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता, तरी ती थांबली नाही. "दोन भाकऱ्या खाल्ल्यास. आईसारखा झालाय बोललास. मी तिथं जाते त्याचा तुला राग येतो, मंग तसा बोल ना! माझ्यावर ओरड. त्यांची जात कशाला काढतोस?"

पंढरीला वाटलं, कोणीतरी भर बाजारात आपलं धोतर ओढलं. हे त्याने कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीला ते दिसत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

मृणाली मॅडम खाली बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "उन्नती, सांगितलं पप्पांनी, पण रेघ मी मारली. नोकरीला भिऊन मारली. सर, उद्या मी ते नाव परत लिहिणार आहे. चालणार नसेल तर माझं नाव कमी करा."

सरांनी पंढरीकडे बघितलं. सगळ्या रस्त्याचा मालक तोच होता.

"लिहा," पंढरी म्हणाला.

"मग हरकत नाही," सर लगेच म्हणाले. "पालकांनी मुलीला घेऊन यावं."

रामदास आता धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवतो, एवढं पंढरीला कळलं होतं. पंधरा दिवसांनी एका सोमवारी तो तिथे गेला. गर्दीत उभा राहून त्याने तीन रिक्षा सोडल्या. चौथी रामदासची होती. मागे तिघे बसले, पंढरी पुढे रामदासला चिकटून बसला. लहानपणी गावच्या शाळेत दोघे एकाच वर्गात होते, पण इतक्या जवळ कधी बसले नव्हते.

"बोला शेठ, कुठं उतरणार?"

"तुझ्याशीच काम हाय. पोरीला शाळेत पाठव. जागा झालीय."

"जागा होतीच की," रामदास गियर टाकत म्हणाला. "गेली कशी ती?"

मागे बसलेला यंत्रमागावरचा कामगार म्हणाला, "भाई, जरा जल्दी लो, शिफ्ट चालू हो जायेगी." रामदासने रिक्षा दामटली. पंढरी बाहेरच्या दुकानांच्या पाट्या बघत राहिला.

"धम्मा काय करते आता?" त्याने विचारलं.

"द्रौपदीबरोबर कारखान्यात जाते. कांड्यांवर सूत भरायला. हात चांगला हाय तिचा." रामदासने एक खड्डा चुकवला. "शाळेचं नाव काढलं की पोर पांघरूण डोक्यावर घेते. तिला वाटतं, मी ढ म्हणून मला काढली. मी किती सांगितलं, तिला पटत न्हाय."

"मी सांगतो तिला."

"काय सांगाल?"

शेवटच्या थांब्याला बाकीचे उतरले. रामदासने इंजिन बंद केलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं.

"पंढरीशेठ, तिची जागा कोणी घालवली ते तुमी तिला सांगा. घरात येऊन, खाली बसून, पाणी पिऊन सांगा. वळणावरनं हाळी देऊन न्हाय. नायतर परत शाळेत घालून काय उपयोग? ती जन्मभर सोताला ढच समजणार."

"येतो," पंढरी म्हणाला. "रविवारी येतो."

त्याला आता साडेचार महिने झाले. शाळेची सुट्टी संपून नवीन वर्ष चालू झालं. मृणाली मॅडमनी धम्मदिनाचं नाव यादीत लिहिलं आहे आणि नवीन वर्षातही पुसू दिलेलं नाही. उन्नती दर रविवारी पुस्तक घेऊन तिच्या घरी जाते आणि तिला वाचून दाखवते. काशी कुरकुरते, पण पोरीला अडवत नाही. पंढरी स्वतः उन्नतीला मोटारसायकलवरून सोडतो. वळणावर ती उतरते, मागे वळून त्याच्याकडे बघते, थोडी थांबते. मग एकटीच जाते. तिथून रामदासचं दार चाळीस पावलांवर आहे. दार उघडंच असतं.

पंढरी अजून त्या घरात गेलेला नाही. धम्मदिनाला शाळेतून कोणी काढलं, हे तिला अजून त्याने सांगितलेलं नाही. ती उद्या सकाळी सात वाजता कांड्या भरायला जाईल.