मसाला उठून दिसला पाहिजे

जाहिरात हा समाजाचा आरसा असतो, असं मृणाली मॅडम फ्लेक्सच्या दुकानात आम्रपालीच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. मग संगणकावरचा फोटो पाहून त्यांनी आरशात थोडे बदल सुचवले.

फोटो सुंदराबाईंचा होता. मॅडमच्या मिरजोळ्यातल्या मसाल्याच्या कारखान्यात त्या मिरच्या भाजतात. यंदा जाहिरातीत गोरीपान नटी नको, खरी कष्टकरी कोकणी बाई हवी, हा मॅडमचाच आग्रह. जाहिरातीतल्या स्त्रीप्रतिमेवर त्या महिला दिनाला बोलल्याही होत्या; लोक जेवणासाठी खोळंबले होते.

"चेहरा जरा उजळ घे," मॅडम म्हणाल्या. "माझं काही नाही गं, पण मसाला उठून दिसला पाहिजे. आणि एक नथ टाक. कोकणी वाटत नाहीत त्या."

मंडणगड तालुक्यात जन्मलेली आपली आई आणखी कोकणी कशी करायची, हे आम्रपालीला कळेना. ती सुंदराबाईंची मुलगी, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. दुकानमालक दीपकला होतं, आणि तो डोळ्यांनीच गिऱ्हाइकाचं ऐकायला सांगत होता.

तसं हे रोजचंच काम. वाढदिवसाचे पुढारी, दहावीत चमकलेल्या मुली, श्रद्धांजलीतले आजोबा, सगळ्यांना ती संगणकातल्या उजेडाच्या पट्टीवर दोन घरं उजळ करते. आजोबांची तर कधीच तक्रार आली नव्हती.

तिने आईला दोन घरं उजळ केलं. मॅडम म्हणाल्या, अजून. तिने चार केलं, नथ घातली. मॅडमचा फोन वाजला, त्या बाहेर गेल्या. फोटोतले हात तिने होते तसेच ठेवले.

बोर्ड नाक्यावर लागला. सुंदराबाईंचा फोटो आजवर फक्त आधार कार्डावर होता, आणि त्यातही त्या ओळखू येत नव्हत्या. म्हणून यावेळी त्यांनी मंडणगडहून नणंदेला, मैनाला, मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मैना बराच वेळ मान वर करून उभी राहिली.

"वयनी, तू कुठं हायस गो?"

"हीच मी."

"ही? ही तर बँकेतली बाय वाटतेय." मग मैनाची नजर खाली उतरली. "हां. हात तुझंच. ह्यो भाजल्याचा डाग बघ."

रात्री जेवताना सुंदराबाईंनी लेकीला विचारलं, "त्वांड तू केलंस?"

"हो."

"नि हात?"

"ते नाही केले."

सुंदराबाईंनी बांगड्याचा मधला तुकडा तिच्या ताटात वाढला.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी मॅडमच्या लक्षात आणून दिलं की बोर्डावर बाई एक आणि हात दुसरीचे आहेत. मॅडमनी त्या हातांवर 'पाकिटावर पाकीट मोफत'चा मोठा स्टिकर लावून घेतला. मसाला चांगला खपला.

पावसाळ्याआधी बोर्ड उतरला तेव्हा सुंदराबाईंनी तो फ्लेक्स मागून आणला आणि परसातल्या सरपणावर घातला, छापील बाजू आत करून.

लाकडं कोरडी आहेत.