चौथा मोजा हवा आहे

दाढ भरून घ्यायला गेले आणि दवाखान्याच्या काचेवर तो कागद दिसला. ‘चौथा मोजा हवा आहे. वयाची अट नाही, दातांची तर नाहीच. रविवारी सकाळी येऊन गाऊन दाखवावे.’ तोंडात कापूस होता तरी मी किंचाळले. बाकावर बसलेल्या एका काकांना वाटलं आत फारच दुखवतात. ते उठून घरी गेले.

ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी (अशी माणसं आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं) सांगते. ‘निळे मोजे’ हा जगातला सर्वांत भारी ग्रुप होता. चार जण, चार गळे, आठ मोजे. लांब्या, चष्म्या, धाकल्या आणि गप्प्या. माझी आई शाळेत असतानाच ते भांडून फुटले, आणि ते भांडण अजून कोर्टात आहे म्हणून त्यांची गाणी नेटवर कुठेच मिळत नाहीत. गप्प्या मुलाखतीत कधी एक शब्द बोलला नाही. म्हणून अर्थातच माझा तोच.

वर्गात मला ‘आजीबाई’ म्हणतात. मागच्या वर्षापर्यंत मी माझे निळे मोजे बुटात खोल दाबून ठेवायचे. यंदा ठरवलं, गेलं उडत! आता गुडघ्यापर्यंत ओढते आणि व्हरांड्यातून अशी चालते की लोकांना वाटावं, पुढे कुणीतरी माझी वाट बघतंय.

माझ्याकडे मोज्यांची एकच कॅसेट आहे. मावशीची. तिच्यातलं ‘खिडकीत ये ना’ मी कानाला हेडफोन लावून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी श्वासासकट गाईन. आणि त्या गाण्याच्या मधोमध तो चमत्कार आहे. चौघं गाता गाता थांबतात, आणि एक बारीक, घाबरलेला आवाज ओरडतो, ‘अगं दूध! दूध उतू चाललंय!’ मग पुन्हा गाणं सुरू. बास. गप्प्याची आख्ख्या आयुष्यातली एकमेव ओळ! तीही मुलीचा आवाज काढून! प्रेम उतू जातंय आणि बघायला कुणी नाही, असा त्याचा अर्थ आहे. मी त्यावर निबंध लिहिला होता, बाईंनी खाली ‘सखोल!’ असा शेरा दिला.

तर रविवारी मी दवाखान्यात हजर.

मोजे मंडळाचे, म्हणजे दर वर्षी मोज्यांची गाणी गाणाऱ्या चाहत्यांचे, तीनच सभासद उरले होते. दातांचे डॉक्टर हे अध्यक्ष. बस चालवणारे एक काका, त्यांना सगळे बसकाका म्हणतात. आणि कोपऱ्यावरच्या शिवणबाई, ज्यांनी सगळ्यांचे कोट शिवलेत. चौथे सभासद लेकीकडे राहायला गेले, आणि वाचनालयाच्या हॉलमधला वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलेला.

“बस,” डॉक्टर म्हणाले.

“कुठे?”

“एकच तर खुर्ची आहे.”

ती दातांची खुर्ची होती. मी बसले. डॉक्टरांनी सवयीने ती मागे झोपवली आणि वरचा दिवा लावला. माझे पाय वर, डोकं खाली, तिघांचे चेहरे वरून वाकलेले.

“आमचा नियम एकच,” डॉक्टर म्हणाले. “जसंच्या तसं. रेकॉर्डवर आहे तेवढंच, रेकॉर्डवर आहे तसंच.”

“तिसऱ्या गाण्यात लांब्या खोकतो ना,” बसकाका म्हणाले, “तिथे मी दर वर्षी खोकतो.”

“गेल्या वर्षी दोनदा खोकलात,” शिवणबाई म्हणाल्या.

“सर्दी होती हो!”

माझं काळीज भरून आलं. ही माझी माणसं! आजवर माझ्या खोलीबाहेर जगात कुणालाच कळत नव्हतं, आणि इथे खोकल्यावरून भांडणं चालतात. मला यांच्यात यायचं होतं. मी डोळे मिटले आणि ‘खिडकीत ये ना’ सुरू केलं. छान लागला आवाज, उगाच कशाला लपवू? शिवणबाई मान डोलवत होत्या. मग तो चमत्कार आला आणि मी जीव ओतून ओरडले,

“अगं दूध! दूध उतू चाललंय!”

बसकाका ताडकन वळले आणि मागच्या खोलीत चहाच्या शेगडीकडे धावले. तिथे काहीतरी पडलं.

“शेगडी तर बंद आहे!” आतून आवाज आला.

“हे काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“गप्प्याची ओळ.”

“गप्प्याला ओळ नाही.”

“आहे!”

“बाळ, माझ्याकडे मोज्यांची प्रत्येक रेकॉर्ड आहे. त्यात कुठेही दूध नाही.”

“खोकला चालतो आणि दूध का नाही?” मी उताणी पडल्या पडल्या भांडत होते, तेवढंच कठीण जात होतं. “माझ्याकडे कॅसेट आहे. आणून दाखवते!”

“नसलेलं घुसवणाऱ्याला आम्ही घेत नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी त्यांच्या नव्या कोटावर शाई सांडली. “पण जा. आण. आम्ही तोवर इथेच आहोत.”

मी धावत घरी. आई कपड्यांना इस्त्री करत होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, रविवार तिचा एकुलता एक, आणि गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही असं माझं ठाम मत होतं.

“आई, कॅसेट! आणि टेप! मला खोटारडी म्हणतायत!”

“कोण म्हणतंय?”

“डॉक्टर! म्हणे गप्प्या दुधाचं बोलतच नाही!”

आईची इस्त्री हवेत थांबली. “कोण, कशाचं बोलत नाही?”

मी टेप लावला. गाणं आलं, थांबलं, आणि ‘अगं दूध! दूध उतू चाललंय!’

आई बघता बघता खुर्चीत बसली. आधी तोंडावर हात ठेवला, मग पोटावर. हसून हसून डोळ्यांतून पाणी.

“अगं ए वेडे! ती मी आहे.”

“कोण?”

“मी! ताई, तुझी मावशी, रेडिओसमोर टेप धरून गाणं भरत होती. मला दम दिला होता की श्वाससुद्धा घेऊ नकोस. दुधाकडे लक्ष तिने द्यायचं होतं. आता दूध वर आलं तर मी काय करू? ओरडले! मार खाल्ला मी त्या गाण्यापायी.”

मी जमिनीवर बसले. ज्या आवाजासाठी मी रात्री उशी कुरवाळली, निबंध लिहिला, तो आवाज रोज सकाळी मला ‘ऊठ गं’ म्हणतो?

“मी परत जाणार नाही,” मी म्हणाले. “कधीच नाही. दात दुखले तरी नाही.”

“आणि ते काय समजणार? की पोरीने थाप मारली.” आईने इस्त्रीची पिन काढली. “खोटारडी म्हणून बाहेर राहण्यापेक्षा येडी म्हणून आत जा. चल. मी येते.”

“तू नको!”

“का? मूळ कलाकार आहे मी.”

दवाखान्यात तिघांनी कॅसेट ऐकली. दूध आलं तसे बसकाका अर्धे उठले आणि पुन्हा बसले. आईने सगळं सांगितलं, अगदी मारासकट. शिवणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

“थाप नव्हती. माफ कर,” ते मला म्हणाले. “पण नियम तो नियम. दूध न घालता गाऊन दाखव.”

पुन्हा खुर्ची, पुन्हा दिवा. मी गायले. ती जागा आली, मी दात आवळून ओरड गिळली, आणि… थांबले. तिथे काहीच नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं.

“पुढे?” डॉक्टर म्हणाले.

“तिथे काय आहे?” मी विचारलं. माझा आवाज एवढासा झाला. “माझ्याकडे तिथे फक्त आई आहे.”

मग डॉक्टर उठले, कपाटातून रेकॉर्ड काढली, बाहीने हलकेच पुसली आणि लावली. खिडकीत ये ना, खिडकीत ये ना. चौघं थांबले. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आईच्या मागे लपलेलं ते ऐकू आलं. एकटा गप्प्या, शब्द नाहीत, नुसता गुणगुणतोय. वर चढत जातो आणि अगदी शेवटी, पडता पडता, एक सूर हातात धरून खाली उतरतो.

मी रडले. त्या खुर्चीत उताणं झोपून रडलं की पाणी थेट कानात जातं, हे सांगून ठेवते.

“बघा हो तिच्याकडे,” बसकाका हळूच म्हणाले. “पहिल्यांदा ऐकतेय. आपण कधी पहिल्यांदा ऐकलं होतं?”

“आठवत नाही,” शिवणबाई म्हणाल्या. “आता आपल्याला नवीन काहीच उरलं नाही.”

“आणखी काय काय ऐकलेलं नाहीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“या कॅसेटवर नाही ते सगळं.”

“सगळं?” डॉक्टर जवळजवळ ओरडले. “‘दुसरा जिना’ नाही? लांब्या खोकतो ते नाही?”

“खोकला तर आज तुमच्याच तोंडून पहिल्यांदा कळला.”

तिघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जसं लहान मुलं दुकानाच्या काचेतून आत बघतात. मग डॉक्टर भानावर आले, घसा खाकरला. “आधी नियम. ती जागा गाऊन दाखव.”

मी एकदाच ऐकली होती. पण असं ऐकलेलं विसरता येतं का? मी गुणगुणले. वर गेले, पडता पडता सूर धरला, उतरले. आईने इस्त्री न झालेल्या ओढणीने नाक पुसलं.

“जसंच्या तसं,” डॉक्टर म्हणाले. “शिवणबाई, माप घ्या.”

शिवणबाई आधीच मापाची टेप घेऊन माझ्या खांद्याशी होत्या. “हात लांब कर गं. कोट जरा सैलच ठेवते, अजून वाढशील.”

“मी लावतो रेकॉर्ड!” बसकाका कपाटाकडे धावले. “आधी खोकला!”

“आधी ‘दुसरा जिना’!” डॉक्टर म्हणाले. “अध्यक्ष मी आहे!”

“उद्या गणिताची परीक्षा आहे तिची,” आई म्हणाली, पण पर्स बाजूला ठेवून ती स्टुलावर बसलेली मी पाहिली.

“थांबा थांबा!” मी ओरडले. “आधी ही खुर्ची सरळ करा. मोजे आहेत हे, मी उभी राहून ऐकणार!”