पाठीवरचा रुमाल

मी वाऱ्या बोलतोय, निफाडच्या खंडेरावांचा घोडा. नाव वाऱ्याचं असलं तरी सध्या द्राक्षबागेच्या कडेला निवांत उभा राहून माशा हाकलतोय.

सिन्नरकडच्या आमच्या जत्रेत पळणाऱ्या प्रत्येक घोड्याला मालकाने किंमत लावायची. ज्याला घोडा हवा, त्याने शर्यतीआधी पाठीवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला, घोडा गेला! मग तो जिंको, नाहीतर पाय मोडून घेवो. घोड्याला विचारतंय कोण?

मागच्या साली खंडेरावांनी माझ्यावर असाच रुमाल टाकला. मी पळालो आणि लंगडतच परतलो. पाय आधीचाच दुखरा होता. खंडेराव भडकले, तर माझा जुना मालक देवराम दात काढत म्हणाला, "लंगडत नाय ओ, नाचतोय! नाचरा घोडा हाय." सारी जत्रा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी खंडेरावांच्या कारभारणीने, भागुबाईंनी, लेप लावलावून माझा पाय बरा केला. पुढे लग्नाच्या वरातींत जाऊन मी सहादू वाजंत्र्याच्या हलगीवर खरोखरच नाचायला शिकलो. इकडे खंडेरावांनी पंचांशी भांडभांडून नवा नियम करून घेतला. शर्यतीनंतर गुरांच्या डॉक्टरांनी घोडा चालवून बघायचा, लंगडला तर सौदा रद्द.

यंदा त्यांनी मला हौसेने पळवायला नेलं. "लंगडलेला घोडा कोण घेतंय?" म्हणत किंमत अगदीच फुटकळ लावली. झालं! रविराज नावाच्या व्यापाऱ्याने रुमाल टाकला. भागुबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मात्र जीव तोडून पळालो आणि पहिला आलो.

मग डॉक्टरांनी मला चालवायला घेतलं, तोच सहादूची हलगी कडाडली. त्याला खूण कोणी केली, ते मी सांगणार नाही. माझे पाय कुठले ऐकतात!

"पुढचा पाय धड टेकत नाही," डॉक्टर म्हणाले.

खंडेराव सरळ माणूस. ते ओरडले, "अहो, लंगडत नाय, नाचतोय तो!"

जत्रा पुन्हा हसली. रविराजने रुमाल उचलून झटकला. "मागल्या साली देवरामबी हेच बोलला व्हता. मी नाय फसायचा."

"खरं बोललो तरी कोणी ऐकंना," परतताना खंडेराव कुरकुरले.

"तुमचाच नियम हाय, पाळा आता," भागुबाई म्हणाल्या आणि माझ्या मानेवरून हात फिरवत राहिल्या.

तेव्हा मंडळी, घोडा घ्याल तर आधी चालवून बघा. आणि तो कुणाच्या जिवाभावाचा असेल, तर हलगी वाजू द्या.