अण्णांच्या हातांचा कडू वास

वाळत्या कडुलिंबाचा वास आला की मला अजूनही अण्णांचे हात आठवतात. माझे वडील औशाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. दर चैत्रात ते कोवळा पाला सावलीत वाळवत आणि कसर लागू नये म्हणून एकेका पुस्तकात दोन-दोन पानं ठेवत. तापल्या पत्र्याखाली, कुरकुरत्या पंख्याच्या संथ आवाजात, आजारी माणसाची कूस बदलावी तशा हळुवारपणे ते पुस्तकं उघडत, मिटत. गावाला वाटे, हा माणूस दिवसभर नुसता बसून असतो.

माझ्यासाठी हदगावकडचं पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या मामांनी अण्णांना विचारलं, “पुस्तकं देता-घेता ते ठीक हाय, पण नोकरी कोणती?” ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. पुढचे पाहुणे नांदेडचे. त्यांनी मलाच विचारलं, “वडील काय करतात, बाई?” मी मान खाली घालून म्हणाले, “शिक्षक हायत.” पाण्याचा तांब्या घेऊन आलेले अण्णा उंबऱ्यात थबकले. मागून येणाऱ्या उन्हात त्यांचा चेहरा मला दिसला नाही. “हाव,” ते एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांना पाणी दिलं.

लग्न जमलं. पुढे पंधरा वर्षं सासरची माणसं त्यांना ‘गुरुजी’ म्हणत राहिली आणि अण्णा त्या परक्या हाकेला निमूटपणे ओ देत राहिले. नांदेडला आले की ग्रंथालयाचं नावही काढत नसत. फक्त निघताना माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत आणि तिच्या केसांना तो कडू वास लागे. मला माझ्या खोट्याची लाज वाटे. पण आता कुठे खरं सांगत बसायचं, म्हणून मी तो दिवसही ढकलत असे.

यंदा माघात अण्णा गेले. “हाडाचा शिक्षक गेला,” माझे सासरे सगळ्यांना सांगत होते आणि मी तेव्हाही गप्पच होते.

चैत्र लागल्यावर औशाला गेले. त्यांची खुर्ची रिकामीच होती. जागा कुणी भरली नव्हती. परीक्षेची तयारी करणारी मुलं आपापली पुस्तकं घेऊन बसली होती, कपाटांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी एक कपाट उघडलं. जुना पाला बोटांत चुरला. पिशवीतून आणलेली नवी पानं मी एकेका पुस्तकात ठेवू लागले, तशी जवळची एक मुलगी म्हणाली, “ताई, तुम्ही कोण?”

“इथल्या ग्रंथपालांची लेक.”

तिने मान डोलावली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. एवढे तीन शब्द ओठांवर यायला मला सोळा चैत्र लागले. त्यांतल्या पंधरा चैत्रांत ते ऐकायला अण्णा होते.