सावलीतली गाडी

अमरावतीच्या कोर्टात अडतीस वर्षं वकिली केलेल्या बापूसाहेब पांढरीपांड्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. आयुष्यात त्यांच्या नावानं दंडाची एक पावती फाटली नव्हती. हे त्यांनी घरात इतक्या वेळा ऐकवलं होतं की खरा अभिमान ऐकणाऱ्यांनीच बाळगायला हवा होता.

त्यांची लेक अवनी हैदराबाद सोडून परत आली होती. आईबापांच्या जवळ राहता यावं म्हणून अकोल्याच्या एका बियाणे कंपनीत तिनं गावोगाव फिरायची नोकरी हट्टानं मिळवली होती. अट एकच होती. लायसन्स महाराष्ट्राच्या पत्त्याचं हवं, निदान तसा अर्ज केल्याची पोच सोमवारी दाखवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि आज मे महिन्यातला शुक्रवार होता.

म्हणून बापलेक आरटीओसमोर छत्रीखाली लॅपटॉप मांडून बसलेल्या इनायतुल्लाभाईंकडे आले होते. वीस वर्षं लोकांचे अर्ज भरणाऱ्या इनायतुल्लाभाईंनी नंबर टाकला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटा, अर्ज अटकून राहिला. तुह्या हैदराबादच्या स्कूटीवर नऊ चलान हायेत. सारे नो पार्किंगचे, एकाच जागचे. ते साफ झाल्याबिगर गाडी पुढे सरकत नाही."

"आत्ता भरते," अवनी घाईनं म्हणाली.

पण बापूसाहेब उभे राहिले होते. "नऊ? माह्या लेकीवर नऊ चलान? अवं, अडतीस वर्षांत माह्या नावावर..."

पुढचं सगळं रांगेतल्या लोकांनी ऐकलं. नांदगाव खंडेश्वरहून लर्निंग लायसन्ससाठी आलेला एक गडी तर हातातला समोसा खायचा विसरला. अवनी मान खाली घालून उभी होती.

दम लागला तेव्हा बापूसाहेब थांबले आणि त्यांच्यातला वकील जागा झाला. "थांब. भरायचे नाहीत. नऊ वेळा एकाच जागी? मले शंका येऊन राहिली. हरकत घेऊ. पुरावा कुठी हाय?"

"बाबा, हरकत घेतली की महिना जाईल. सोमवारी माझी नोकरी जाईल."

"चलानावर फोटो असतात ना? उघडा, इनायतभाई."

इनायतुल्लाभाईंनी फोटो मघाशीच पाहिले होते. "वकीलसाहेब, भरू द्या ना पोरीले. कायले पाहता?"

"पुरावा पाहिल्याशिवाय मी कोणालेच दोषी धरत नाही," बापूसाहेब म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी लेकीला भर रांगेत दोषी धरलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

पहिला फोटो उघडला. मोठं कडुनिंब, त्याखाली स्कूटी. सीटवर चार घड्या करून ओला केलेला हिरवा चौकड्याचा दुपट्टा. बापूसाहेबांनी आपल्या खांद्यावर हात नेला. हिरवा चौकड्याचा दुपट्टा तिथंच होता.

होळी झाली की वऱ्हाडातला माणूस गाडी लावताना आधी सावली पाहतो, बाकीचं जग मागून. मार्चमध्ये महिनाभर हैदराबादला लेकीकडे राहिलेले बापूसाहेब तिची स्कूटी घेऊन रोज वाचनालयात जात. झाडाखालचा नो पार्किंगचा फलकही त्यांना चांगला आठवत होता, कारण आपली पिशवी ते त्यालाच अडकवत असत. ती पिशवीही फोटोत स्पष्ट आली होती.

नवव्या फोटोत बापूसाहेब स्वतः होते. फलकाच्या बरोबर खाली, स्कूटीवर बसून संत्रं सोलत होते.

बापूसाहेब लेकीकडे वळले.

"तुले माहीत होतं?"

"मार्चमध्येच मेसेज आले होते. भरायचं राहून गेलं, तो माझा आळस."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही किती खूश होता, बाबा. घरी येऊन रोज म्हणायचे, एवढ्या मोठ्या शहरात सावलीत गाडी लावायची अक्कल एकालाही नाही, जागा रोज मोकळीच असते."

बापूसाहेबांना लाज वाटली. फोटोची वाटली त्याहून, मघाशी मान खाली घालून उभ्या पोरीला नको ते ऐकवलं त्याची जास्त वाटली. ते रांगेकडे वळले.

"ऐका भाऊ. मघाशी बोललो ते वापस घेतो. गाडी मी लावली होती. पोरीचा दोष नाही."

"संत्रा तरी गोड होता काय, साहेब?" समोसावाल्यानं विचारलं.

"आपल्या शेंदूरजनाघाटच्या बागेतला होता," बापूसाहेब ताठ मानेनं म्हणाले.

चलानं भरली, अर्ज सरकला. "आता कागद आत खिडकीवर दाखवून पोच घेऊन ये, बेटा," इनायतुल्लाभाई म्हणाले.

"तू हो पुढं," बापूसाहेब म्हणाले, "मी आलोच." सकाळी त्यांनी आपली स्कूटर फाटकाजवळच्या एकुलत्या एका झाडाखाली लावली होती. झाडाच्या खोडावर काय लिहिलंय ते त्यांनी आता प्रथमच वाचलं, आणि स्कूटर ढकलत समोरच्या रखरखीत पार्किंगमध्ये नेऊन उभी केली.

अर्ध्या तासानं अवनी पोच घेऊन आली. सोमवारी अकोला पक्कं, हे आईला फोनवर सांगूनही झालं होतं. स्कूटरची सीट तव्यासारखी तापली होती.

"बाबा, दुपट्टा ओला करून आणू?"

"राहू दे," म्हणत बापूसाहेब सरळ बसले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो अवनीनं ऐकलाच नाही असं दाखवलं. बाबांचं झाकून घ्यायची तिला मार्चपासून सवय होती.