दहा मिनिटांची मोटर

"काका, मी साहेबांना सांगितलंय, रात्री लाइट गेली होती म्हणून. तुम्ही फक्त गप्प बसा," वॉचमन हळूच म्हणाला.

मी टाकीपुढे उभा होतो. हॉस्पिटलच्या हॉलमधली ही तीन हजार लिटरची टाकी अकरा वर्षं मीच सांभाळतोय. आतले सिक्लिड मासे दिसायला देखणे, पण स्वभावाने एकेक नग. त्यांना पाणी सतत खेळतं लागतं. आज सगळे वर येऊन तोंडं वासत होते, आणि चार उताणे पडलेले.

दाणे टाकताना दहा मिनिटं मोटर बंद ठेवावी लागते, नाहीतर दाणे फिल्टरमध्ये ओढले जातात. ती परत चालू करायचं विसरू नये म्हणून मी डाव्या पायातली चप्पल काढून बटणाच्या खोक्यावर ठेवायचो. एका चपलेनं कोण घरी जाईल? लोक हसायचे. हसेनात का! काल मात्र पायात लेकीने आणलेले लेसचे बूट होते. "बाबा, गुडघे दुखतात ना? आता हेच घालायचे." म्हटलं, कोण वाकून लेस सोडणार, राहील लक्षात. डोंबलाचं राहतंय! लेकीला हे मी कधीच सांगणार नाही.

साहेब तणतणतच आले. "वायरमन कुठंय? लाइट गेली आणि जनरेटर लागला नाही? आज निकालच लावतो त्याचा."

वायरमन पान्हा हातात धरून उभा राहिला. त्याला आधीच एक मेमो मिळालेला. दुसरा मिळाला की घरी. माझं निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं. गप्प बसलो असतो तर निभावलंही असतं. खोटं कशाला बोलू, तसं मनात आलं होतं.

"लाइट गेली नव्हती, साहेब. मोटर मी बंद केली आणि विसरलो."

"अकरा वर्षांनी विसरलात?"

"हो. वय झालं असेल."

"मग आराम करा. उद्यापासून कंपनीचा माणूस येईल. त्यांचं सगळं आपोआप चालतं." साहेबांनी मोटर चालू करायला बटणाकडे हात नेला.

"थांबा!" मी ओरडलोच. रात्रभर कोंडलेलं फिल्टरमधलं पाणी सडतं. ते टाकीत गेलं असतं तर उरलेलेही मेले असते. मी ते उपसून काढलं, फिल्टर टाकीच्याच पाण्यात विसळला. वायरमन न सांगता बादल्या वाहत राहिला. मग मोटर अगदी मंद सोडली.

तरी म्हातारीला धार सोसेना. म्हातारी म्हणजे पहिल्या दिवसापासूनची निळी मादी. धार लागली की ती कोलमडून काचेवर आपटायची. मी कोपरापर्यंत हात बुडवून पंजा धारेपुढे आडवा धरला. ती त्याच्या आड येऊन थांबली. कल्ले हलत होते.

शिपाई आला. "काका, चाव्या घेऊन ऑफिसात बोलावलंय."

"येतो म्हणावं," मी म्हटलं. "हिला जरा सावरू दे."

दुपारचे बारा वाजले तेव्हा बोटं बधिर झाली होती. हात मात्र मी काढला नव्हता.